करंजाखालचं पाणी

तुळसाबाईनं पालथं मडकं छातीखाली सरकवलं, चिखलातले पाय सोडवले आणि ती रांगेच्या दोन हात पुढं निघून गेली. शिंगाड्याच्या तोडणीत रांग सोडायची नसते. सगळ्यांनी मडक्यावर पोट टेकून एकसारखं पुढं सरकायचं, डाव्या हातानं वेल उलटी करायची, उजव्या हातानं पानांखालचे शिंगाडे खुडायचे आणि कमरेला बांधून मागं तरंगत ठेवलेल्या टिनाच्या पाटीत टाकायचे. चाळीस वर्षं ती हेच करत आली होती आणि चाळीस वर्षांत तिनं कधी रांग मोडली नव्हती.

"तुले आज लय घाई होऊन राहिली वं तुळसाबाई," डावीकडून पार्वतीबाई म्हणाली.

"ऊन चढाच्या आत उरकू म्हणलं."

कार्तिकातल्या त्या उन्हाचा कुणाला त्रास व्हावा असं काही नव्हतं. पार्वतीबाईनं पाण्यावरून तिच्याकडं एकदा नीट पाहिलं आणि पुन्हा वेलीत हात घातला.

समोर तलावाच्या कोपऱ्यात करंजाचं झाड पाण्यावर ओणवं झालं होतं. रांग अशीच सरकत राहिली तर दुपारपर्यंत ती करंजाखाली पोचणार होती. तुळसाबाईला त्याच्या आधी तिथं पोचायचं होतं. त्या झाडाखाली काय पडलं आहे ते तिला एकटीला ठाऊक होतं, आणि तिच्या उजव्या हाताला, पाण्यात पाय सोडून, पाच महिन्यांपूर्वी घरात आलेली तिची सून जयवंता होती. सकाळी तिनं जयवंताला घरी राहा म्हणून दोनदा सांगून पाहिलं. कारण विचारल्यावर तिला कारण सांगता आलं नाही, आणि जयवंता हसून मडकं घेऊन निघाली.

हुडकेश्वरच्या पुढं, उमरेडच्या रस्त्याला लागून ढिवरांची ही बारा घरं. तलावात मासे आणि शिंगाडा, आणि दोन्हींना नागपूरचं गिऱ्हाईक; त्यापलीकडं या घरांना दुसरं काही माहीत नव्हतं. दुष्काळाच्या साली तलावाचा ठेका बाहेरच्या एका माणसाकडं गेला. त्याच्या गड्यांनी नायलॉनची जाळी टाकली. ठेका संपल्यावर ते निघून गेले आणि फाटकी, अडकलेली जाळी पाण्यातच राहिली. उन्हाळ्यात पाणी हटलं तेव्हा गाळात कासवं सापडली, पाणकावळे सापडले, त्या बारीक दोऱ्यांत माना अडकून सुकून गेलेले. लोक हळहळले आणि विसरले. पुढच्या कार्तिकात पार्वतीबाईचा नवरा बाबाराव गळ्याएवढ्या पाण्यात बुडाला. बारा घरांत त्याच्यासारखा पोहणारा नव्हता. वर काढला तेव्हा त्याच्या दोन्ही पायांना जाळं होतं आणि मुठीत विळा होता. विळ्यानं जाळं कापलं नव्हतं, पोटरी कापली होती.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या बळीरामबाबानं सगळ्या घरांना काठावर उभं केलं.

"सुताचं जाळं पाण्यात राहिलं त पाणी त्याले खाते," तो म्हणाला. "हे नायलॉन पाण्यालेच खाऊन राहिलं. आजपासून या तलावात सुताबिगर दुसरं काही पडाचं नाही. ज्याच्या घरचं नायलॉन सापडन, त्या घरानं पुन्हा पाण्यात पाय घालाचा नाही."

सगळ्यांनी तलावाचं पाणी ओंजळीत घेऊन शपथ वाहिली. तुळसाबाईनंही वाहिली, आणि अगदी मनापासून. सुताच्या जाळ्यात तिचं बालपण गेलं होतं. उमरेडच्या कोष्ट्यांकडून मागावर उरलेली सुतं आणायची, टकळीवर तीन पदरी वळायची, ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून तांबडी करायची आणि मग जाळं विणायला बसायचं. असं जाळं दोन पावसाळे चालतं. हरवलं तर पुढच्या तोडणीपर्यंत त्याचा चिखल होऊन जातो, कुणाच्या पायाला ते लागत नाही.

पण यंदाच्या उन्हाळ्यात तिच्या बोटांची पेरं सुजली. टकळी बोटांत फिरेना. वळून द्यायला नवरा राहिला नव्हता, आणि मुलगा चंद्रभान कोळशाच्या खाणीत पाळीवर जायचा. टकळी हातात धरायची त्याला लाज वाटायची. तुळसाबाईनं पंधरा दिवस बोटांना एरंडेल चोळलं, रडली, आणि शेवटी जरीपटक्याच्या बाजारातून तयार नायलॉनचं जाळं ओच्यात लपवून घेऊन आली. वरची कड तरंगती राहावी म्हणून चंद्रभानच्या जुन्या निळ्या स्लिपरचे तुकडे कापून तिनं त्याला ओवले. दिवस बुडता ती ते करंजाखाली लावायची आणि उजाडायच्या आत काढायची. श्रावणातल्या एका पुरात ते खुंट्यांसकट गेलं. गळ टाकून तिनं तीनदा शोधलं. तिसऱ्या खेपेला करंजाखालीच गळाला ओढ लागली, गळ तुटला आणि जाळं तिथंच राहिलं. 

"हळू वं जयवंता," ती आता म्हणाली. सून तिच्या बरोबरीला आली होती.

"तुमीच त पुढं पुढं पळून राहिल्या, आत्याबाई," जयवंता हसली. तिचे हात चपळ होते. पाटी निम्मी भरत आली होती. बोलता बोलता ती सासूच्याही पुढं गेली.

करंज अजून चाळीस हात लांब होता. तुळसाबाईनं मनातल्या मनात अंतर मोजलं आणि श्वास सोडला. तेवढ्यात जयवंताचं मडकं जागच्या जागी गरकन फिरलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर तसंच राहिलं, मग गेलं.

"आत्याबाई, माह्या पायाले काहीतरी लागून राहिलं."

"वेल असन."

"वेल नाही. बारीक हाये. ओढलं की घट्ट होऊन राहिलं."

 तुळसाबाई वेली बाजूला सारत तिच्याकडं सरकली. जयवंतानं पाय झाडला, मडकं छातीखालून निसटलं आणि तिची हनुवटी पाण्यात गेली. मग पार्वतीबाईचा आवाज आला, आणि तो इतका हळू होता की त्याचीच भीती वाटावी.

"हालू नोको, पोरी. पाय झाडशीन तितकं ते गुंडाळन. मी धरलं तुले. माह्याकडं पाह्य."

पार्वतीबाईनं स्वतःचं मडकं सोडून जयवंताला काखेत धरलं होतं आणि तिचं तोंड पाण्याच्या वर ठेवलं होतं. तुळसाबाई कमरेचा विळा काढून पाण्याखाली गेली.

खाली काही दिसत नव्हतं. चिखल ढवळला होता आणि वेलींची देठं तोंडावर येत होती. तिनं सुनेची मांडी चाचपली, गुडघा चाचपला, मग तिच्या हाताला ते लागलं. इतकं बारीक की तिच्या सुजलेल्या बोटांना दोरा कुठं संपतो आणि कातडी कुठं सुरू होते ते कळेना. विळ्याची धार तिनं त्यावर टेकवली. दोरा नुसता सरकला. तिला बाबारावची पोटरी आठवली आणि तिनं विळा टाकून दिला. छाती फुटायला आली होती. जाळ्याचा फास पंजावर होता, आणि तो तिथं एकाच गोष्टीनं धरून ठेवला होता. जयवंताच्या पायातल्या जोडव्यात जाळ्याचं घर अडकलं होतं.

सवाष्णीच्या पायातलं जोडवं काढायचं नसतं. तुळसाबाईनं ते दोन्ही हातांनी धरलं आणि कातडी सोलत बोटातून ओढून काढलं.

तिघी काठाला लागल्या तेव्हा जोडवं तुळसाबाईच्या दातांत होतं. जयवंताच्या बोटातून रक्त येत होतं आणि ती थरथर कापत होती.  सून वाचली म्हणून तिला रडू यायला हवं होतं, पण तिचे डोळे पाण्याकडं लागले होते. सगळी रांग बाहेर निघाली होती. पुरुषांनी डोंगा घालून जाळ्याला दोर बांधला आणि आता ते काठावरून ओढत होते. करंजाखालून तिचं जाळं इथवर सरकत आलं असणार. थोड्याच वेळात निळे तुकडे दिसणार, आणि चंद्रभानची ती स्लिपर बाराही घरांनी दोन वर्षं त्याच्या पायात पाहिलेली होती.

जाळं शेवाळानं हिरवं होऊन वर आलं. त्यात कुजलेले मासे होते, दोन विरोळे साप होते, पाणकावळ्याची हाडं आणि काही पिसं होती. कडेला एक कासव होतं, मानेत दोरा रुतलेलं, पण जिवंत. बळीरामबाबा गुडघ्यांवर बसला. त्यानं एकेक फेरा चाकूच्या टोकानं उचलून कापला आणि कासव पाण्याच्या कडेला ठेवलं. ते बराच वेळ हललं नाही. मग त्यानं मान बाहेर काढली आणि पाण्यात गेलं.

तुळसाबाई जाळ्याच्या वरच्या कडेकडं पाहत होती. तिथं निळं काही नव्हतं. सावरीच्या लाकडाचे छोटे तुकडे ओवले होते, कुणीतरी निगुतीनं तासून गोल केलेले.

तिच्या जिवात जीव आला, आणि दुसऱ्याच क्षणी पुन्हा गेला. हे तिचं नव्हतं. म्हणजे तिचं अजून खाली होतं.

"कोणाचं हाये हे?" बळीरामबाबानं विचारलं.



"ठेकेदाराचं असन," मागून कुणीतरी म्हणालं.

"ठेकेदाराच्या जाळ्यांले शिसं होतं. याले भाजल्या मातीचे मणी हायेत. आपल्यातल्याच कोणाचं हाये."

म्हाताऱ्याचा स्वभाव पाहता आता त्यानं आकाशपाताळ एक करायला हवं होतं. एकेका घराला समोर उभं करायला हवं होतं. त्यानं तसं काही केलं नाही. तो एवढंच म्हणाला, "पाट्या अर्ध्या बी भरल्या नाहीत. चला, उतरा."

आणि स्वतः काठावर बसून तळहातावर तंबाखू मळायला लागला. एरवी तोडणीला सगळ्यात आधी पाण्यात उतरणारा माणूस तो. तंबाखू केव्हाच मळून झाली होती तरी त्याचा अंगठा फिरत होता.

कुणीच उठलं नाही. एका बाईनं पाटीतले शिंगाडे उगाच दुसऱ्या पाटीत ओतले. डोंगेवाल्या धोंडबानं डोंग्याचा दोर सोडला आणि पुन्हा बांधला. जाळं मध्ये पडलं होतं, पण त्याच्याकडं कुणी पाहत नव्हतं. सगळ्यांची तोंडं पाण्याकडं होती. घाबरली आहेत बिचारी, तुळसाबाईला वाटलं. घाबरणारच. पण भीती उद्यापर्यंत टिकते, पोट टिकत नाही. उद्या नाही तर परवा ही सगळी पुन्हा उतरतील, करंजाखाली जातील, आणि कुणाच्या पायात जोडवी असतील, कुणाच्या वाळे. तोंड उघडलं तर तिच्या घरानं तलावाकडं पाहायचं नाही. जयवंतानं, आणि पुढं जयवंताला होईल त्या लेकरानंही. ती जयवंताजवळ बसून होती आणि सुनेच्या पायातलं रक्त पदरानं टिपत होती. पदर भिजला, रक्त थांबलं, आणि आता टिपायलाही काही उरलं नाही.

तिनं जोडवं सुनेच्या तळहातावर ठेवलं आणि मूठ बंद केली.

"तू बस. तू आज पाण्यात पाय घालू नोको."

"आन तुमी?"

"माहं एक काम राह्यलं करंजाखाली," तुळसाबाई म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

तिनं दुसऱ्या कुणाचा तरी विळा उचलला, मडकं न घेताच पाण्यात उतरली आणि करंजाच्या दिशेनं चालू लागली. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. कुणी तिला हाक मारली नाही. बळीरामबाबा काय बोलतो याकडं तिचे कान लागले होते. छातीएवढं पाणी झालं तेव्हा मागं कुणीतरी पाण्यात उतरल्याचा आवाज झाला. मग आणखी एक. मग बरेच. मला ओढून न्यायला आले, असं वाटून ती थांबली आणि घाबरत मागं वळली.

तिच्याकडं कुणीच येत नव्हतं. रांग नव्हती. धोंडबा एकटाच डोंगा घेऊन पलीकडच्या बेशरमीच्या झुडपांकडं चालला होता. दोघी जावा बांधाच्या कडेकडेनं, एकमेकींकडं न पाहता, उलट्या दिशांनी निघाल्या होत्या. बळीरामबाबानं धोतर वर खोचलं होतं आणि तो दातांत चाकू धरून तलावातल्या मधल्या टेकाडाकडं पाणी कापत होता.

पार्वतीबाई सगळ्यांत शेवटी उतरली. बाबाराव बुडाला होता त्या जागेला तिनं लांबून वळसा घातला आणि सांडव्याच्या बाजूला निघाली. वाटेत ती कुठं थांबली नाही, आणि जिथं थांबली तिथं तिनं आधी पायानं चाचपलंही नाही; सरळ विळा घेऊन बुडी मारली.