दोन हात सरकलेला बैल

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. वारलूच्या बैलाला वाघानं मारलं नाही, असं कागदावर लिहिलंत, खाली सही ठोकलीत आणि जाता जाता त्या बैलाच्या मातीवर पानाची पिंक टाकलीत. मी तिथंच बांधावर पडलो होतो. तुम्हाला वाटलं असेल, लाकडाला कुठं डोळे असतात!

मित्रांनो, मी एक जुनं जू आहे. दोन बैलांच्या मानेवर आडवं बसतं, ते जू. चंद्रपूरकडच्या जंगलातल्या शिवणीच्या झाडाचं माझं लाकूड. शिवण वजनाला हलकी आणि टिकायला चिवट. मंगरू सुतारानं मला आठ दिवस तासलं. वारलूच्या हाती देताना म्हणाला, "भाऊ, बैलाच्या खांद्याले फोड आला तं मले जोड्यानं मार." मार खायची पाळी त्याच्यावर कधीच आली नाही. माझी स्तुती अशी झाली होती, हे मी अजून विसरलो नाही.

माझ्या एका बाजूला कोशा असायचा. कोशाच्या रेशमासारखा पिवळट रंग, म्हणून कोशा. दुसऱ्या बाजूला बांड्या. त्याच्या अंगावर पांढरी ठिगळं होती आणि स्वभाव आळशी. नांगर वळवताना तो हमखास थांबायचा. वारलू तुतारी, म्हणजे टोचणीची काठी, उगारायचा, पण टोचायचा नाही. नुसता ओरडायचा, "चाल बे, जावई होऊन राह्यला काय माह्या घरी!" बांड्या कान हलवायचा आणि चालायचा.

वारलूला लेकरूबाळ नव्हतं. पोळ्याच्या आदल्या सांजेला तो आणि त्याची बायको गुणाबाई गरम पाण्यात पळसाची पानं बुडवून दोघा बैलांचे खांदे शेकायचे. मी ज्या जागी वर्षभर बसायचो, ती जागा. वर तूपहळद लावून गुणाबाई त्यांच्या कानाशी म्हणायची, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." आमच्या भागात बैलाला असं जेवणाचं आमंत्रण देतात. गंमत म्हणून नाही. खरंच देतात.

साल त्र्याऐंशी. मृग लागून आठ दिवस झाले होते. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकून झाली होती. दुपारी वारलूनं जोडी सोडली, मला बांधावर ठेवलं आणि तो मोहाच्या झाडाखाली भाकर खायला बसला. बैल नाल्याच्या काठानं चरत होते. वाघीण झुडपातून निघाली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. बांड्याची मान तिच्या जबड्यात होती. वारलू भाकर टाकून धावला, ओरडला, दगड मारले. ती हटली, पण बांड्या उठला नाही. कोशा शेपटी वर करून गावाकडं पळाला.

वारलू त्याच पावली दोन कोस चालत जंगलाच्या ऑफिसात गेला. सरकार बैलाचा मोबदला देते, हे त्यानं ऐकलं होतं. पैशाचं त्याला काही नव्हतं. त्याला रोवण्याआधी, म्हणजे भातलावणीआधी, कोशाला जोडीदार पाहिजे होता. एका बैलानं चिखल होत नाही आणि चिखलाशिवाय धान लागत नाही. परत आल्यावर त्यानं गुणाबाईला सांगितलं, "चपराशी म्हणते, साहेब दौऱ्यावर हाये. आला का येईल. तवर मुडद्याले हात नाई लावाचा."

त्यानं हात लावला नाही. मित्रांनो, नीट ऐका. दोन दिवस तो माणूस काठी घेऊन बांड्याजवळ बसला. कुत्री हाकलली, गिधाडं हाकलली. उन्हानं पोट फुगलं. मग पावसाची सर आली आणि पोट फुटलं. माश्या इतक्या, की बांड्याची पांढरी ठिगळं काळी दिसत होती. मानेच्या जखमेत किडे वळवळायला लागले. वारलू ते पळसाच्या काडीनं वेचून काढायचा. मेलेल्या बैलाच्या अंगावरचे किडे! आणि साहेब दौऱ्यावर.

तिसऱ्या दिवशी शेजारचा सुकलू आला. आदल्या साली त्याची गाभण गाय वाघानंच नेली होती. धोतराच्या सोग्यात त्यानं कीटकनाशकाची बाटली आणली होती.

"सरक, वारल्या. मानेत ओततो. आज ना उद्या खायाले येईलच ते."

"नाई, भाऊ."

"काऊन? तुले सोयरीक कराची हाये काय वाघाशी?"

"तिचे पिल्लं हायेत. नाल्याच्या चिखलात पाय उमटलेले दिसले मले, लहान लहान."

"मंग आंगडं शिव त्याह्यले!"

"आन तिनं नाई खाल्लं तं? कोल्हे खातील, गिधाडं खातील, तुह्याच घरचं कुत्रं खाईल. माह्या बैलाच्या अंगानं काऊन मराव सगळ्यायनं? त्यानं जिंदगीत कोणाले शिंग नाई मारलं."

सुकलू थुंकला आणि जाऊन लांब बसला. बाटली काही त्यानं सोडली नाही. वारलूनं ओळखलं, की आपण पाणी प्यायला उठलो तरी हा ओतणार. तेव्हा त्यानं फावडं घेतलं. बांड्याच्या अगदी बाजूला खड्डा खणला. गुणाबाईनं घरातलं सगळं मीठ आणि एक जुनं लुगडं आणलं. एवढा मोठा बैल उचलणार कोण? मला बांड्याच्या अंगाखाली घातलं आणि पहारीसारखं रेटलं. ज्या मानेवर मी नऊ वर्षं बसलो, तिला मीच खड्ड्यात लोटलं. दोन हात सरकला बांड्या. फक्त दोन हात.

चौथ्या दिवशी साहेब आले. नाकाला रुमाल. रुमालाला अत्तर.

"बैल कुठाय?"

"इथीच हाये साहेब, मातीत."

"हात लावू नको म्हणून सांगितलं होतं ना? जागेवरून हलवला?"

"दोन हात, साहेब. वास सुटला होता..."

"वाघानं मारला कशावरून? रोगानं मेला असेल. उकर."

वारलू उभाच राहिला. सुकलू तिथंच होता, मान खाली घालून. वारलूनं बाटलीचं सांगितलं असतं तर साहेबांना सगळं कळलं असतं. पण मग सुकलूच्या हातात बेड्या पडल्या असत्या. वारलू बोलला नाही.

गुणाबाईच पुढं झाली. "उकरा नं हो. रोवण्याले बैल पाह्यजे. बांड्याले आता का दुखते?" असं म्हणताना तिनं पदर तोंडात कोंबला.

वारलूनं उकरलं. आधी शिंग दिसलं, मग लुगडं. साहेब चार पावलं मागं गेले. चपराशानं काठी घेतली आणि बांड्याच्या मानेखाली खुपसून वर उचकटली. कातडं काठीवर आलं, मांस खाली गळालं. दाताच्या खुणा जिथं होत्या तिथं आता लोळागोळा होता. चपराशी हसून म्हणाला, "साहेब, रस्सा झाला."

"खुणा दिसत नाहीत," साहेब म्हणाले आणि तसंच लिहिलं. खुणा दिसतील कशा? चार दिवस तुम्ही कुठं होता? सडवलं तुम्ही आणि पुरावा मागता सडलेल्या बैलाला! त्या दुपारी साहेबांनी गावात कोंबडी खाल्ली. हाडं चोखली. मला त्या मुडद्याची किळस आली नव्हती, मित्रांनो. मुडद्यानं कोणाचं काही बिघडवलं नव्हतं.

वारलूनं माती हातानं लोटली. फावडं लावलं नाही. बोटं नाकाशी नेली आणि तो ओकला, मग उठून मला खांद्यावर घेऊन घरी आला.

बैल मिळाला नाही. सुकलूनं आपलं रोवणं उरकल्यावर त्याची जोडी दीड दिवस दिली. नुसते कासरे वारलूच्या हातात देऊन गेला. तेवढ्या वेळात एक बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाचा एक तुकडा, लागली. पुढं पाऊस गेला आणि राहिलेले पऱ्हे वाफ्यातच पिवळे पडले. कसायाचा दलाल कोशाला मागायला आला. म्हणाला, "एकट्या बैलाचं का लोणचं घालता?" गुणाबाईनं त्याला झाडूनं अंगणाबाहेर काढलं. मग तिनं विळ्यानं पऱ्हे कापले, आपल्याच वर्षभराच्या भाताचे, आणि मुठीमुठीनं कोशाला चारले. "खा बापा. धान नाई झाला, चारा तं झाला." वारलू बांबू तोडायला जंगलात जायला लागला. संध्याकाळी आला की आधी कोशाला पाणी, मग स्वतःला.

मी गोठ्याच्या भिंतीला टेकून राहिलो. एका बैलाला जू लागत नाही. मला वाळवी लागली आहे. माझं काही नाही, लाकडाची मातीच होते. पण तुम्ही मुलांनो, ज्या जनावराच्या खांद्यावर तुमचं ताट उभं आहे, त्याला मेल्यावरही कोणाला काठीनं टोचू देऊ नका. कोणी साहेब असला तरी.

सुकलू मागच्या साली तापानं गेला, म्हणून बाटलीचं आज बोलतो. त्या वाघिणीची दोन पिल्लं मोठी झाली. लोकांनी नाल्यावर पाहिली. साहेबांच्या ऑफिसापुढं आता टिनाची पाटी आहे, वाघ वाचवा म्हणून. पाहुणे येतात, साहेब पाटीजवळ उभे राहून फोटो काढून घेतात.

तर साहेब, आता बोला. बैल उघडा ठेवला असता तर वाघीण मेली असती, तिची पिल्लं मेली असती. पुरला, तर वारलू खोटा ठरला. त्यानं काय करायला पाहिजे होतं? तो अजून जिवंत आहे, त्याच गावात आहे. दौरा संपला असेल तर त्याच्या अंगणात या आणि त्याच्या तोंडावर उत्तर द्या.