पिवळी चिंधी

पिवळी चिंधी डेकवरच होती. नांगराच्या साखळीच्या वेटोळ्यात अडकलेली, उन्हानं कडक झालेली — मीनाच्याच जुन्या साडीची, तिनंच फाडून बांधलेली. दर पाच मीटरला एक. पाचला लाल, दहाला पांढरी, पंधराला हिरवी, विसाला पिवळी. म्हणजे पिवळी आत्ता पाण्याखाली असायला हवी होती.

तिनं परत मोजलं, वर्गात हजेरी घेतल्यासारखं. हिरवी पाण्याला जेमतेम टेकलेली, म्हणजे बाहेर पंधरा मीटर, फार तर सोळा... आणि सकाळी मासेमार सिताराम आपली होडी जवळून नेता नेता सांगून गेला होता, "बाय, खाली नुसता चिकल हाय. ओहटीला पानी जोरान ओरतं. साखली जास्ती सोरा." तेव्हा श्यामसुंदर हसले होते. "पंचवीस सोडलीय. भरपूर आहे." आणि तिनं मान डोलावली. नेहमीसारखी.

ओहोटी लागली होती. पाणी बोटीच्या कडेनं समुद्राकडे निघालं होतं, आणि त्याच दिशेला, शे-दीडशे पावलांवर, जाळ्यांचे खुंट, त्यांच्यामागे दगडांचा बांध. नांगर सरकला तर बोट तिथंच जाऊन आदळणार... सरकला नसेलच कशावरून? पण खाली झोपलेल्या नवऱ्याला उठवायचं कसं? काल तिनं उलव्याच्या एका टॉवरवरची क्रेन खूण म्हणून धरली, ती हलताना पाहिली, आणि बोट वाहतेय म्हणून त्यांना दुपारच्या झोपेतून उठवलं. फिरत होती ती क्रेनच. तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईनं क्रेनची खूण धरली, हे त्यांनी फोनवर शौनकला सांगितलं, आणि बाप-लेक पोट धरून हसले.

मरीनात होते ते दोन महिने बरे होते. बोट धक्क्याला चार दोरांनी बांधलेली, नळाला पाणी, संध्याकाळी पायीच कोथिंबीर आणायला जायचं. तिथं झोप लागायची. "हे पार्किंग झालं, मीना," ते म्हणायचे, आणि नकाशावर गोव्यापर्यंत पेन्सिल फिरवायचे.

पण खोटं का बोलले? नियम त्यांनीच तिला शिकवला होता — पाणी जेवढं खोल, त्याच्या पाचपट साखळी. विसरणारा माणूस नव्हे. मग... परवा नांगर ओढताना ते मध्येच थांबले होते. डावा हात कठड्यावर, पाठ तिच्याकडे. "अडकलीय," म्हणाले, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. साखळी अडकली नव्हती, सैल लोंबत होती. तिनं पाहिलं होतं. पाहिलं आणि चहा ठेवायला खाली गेली. डिसेंबरात त्यांच्या हृदयात दोन स्टेंट टाकलेत. आणि सोडलेली साखळी परत ओढावी लागते, हातानं, सगळीच्या सगळी.

म्हणजे त्यांनी मोजूनच सोडली होती. आपल्याला ओढवेल तेवढीच.

कमी साखळीवर बोट वाहणार, आणि वाढवली तर उद्या हा माणूस ती ओढणार; मी ओढते म्हटलं तर हात लावू देणार नाही. खुंट जवळ आल्यासारखे वाटले. क्रेनकडे तिनं बघितलंच नाही. मग तिनं साखळी अडवणारा अडसर काढला, ती एकदम सुटू नये म्हणून डेकवरच्या खुंटीचा एक वेढा तसाच ठेवला आणि आवाज होऊ न देता साखळी सोडत गेली, तळहात सोलेपर्यंत. पिवळी चिंधी कठड्यावरून घसरली आणि पाण्यात गेली.

"सोडलीस?" खालून आवाज आला. झोपलेच नव्हते.

"हो."

"किती?"

"पिवळी गेली."

मग अगदी हळू, "उद्या वर कोण घेणार, मीना?"

असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. चार वर्षं ती या पाण्याला भीत आली होती, आणि दर वेळी त्यांच्याकडे बघून गप्प बसली होती — हा माणूस घाबरत नाही ना, मग झालं. तेवढ्यावर तिचं चाललं होतं. आता खाली केबिनमध्ये कुणीतरी तिच्याइतकंच घाबरून पडलं होतं, उत्तराची वाट बघत...

साखळी ताठ झाली, कुरकुरली. तिनं तिच्यावर तळवा ठेवला. नांगर सरकत असला की तिथं थरथर जाणवते, हेही त्यांनीच शिकवलेलं. थरथर होती. साखळीची की हाताची, तिला कळेना.