नऊशे सत्तर ग्रॅम

दुकानदाराने स्वस्त लॅपटॉपचा डेमो माझ्या बायकोवर दाखवला. त्याने तिच्या कमरेला दोन्ही बाजूंनी बोटं लावली, बिजागरी कुठे आहे ते चाचपलं आणि तिला मागच्या मागे पूर्ण फिरवून तिची पाठ तिच्याच पोटऱ्यांना टेकवली. काही मोडल्याचा आवाज आला नाही. नव्या दारासारखी किंचित करकर झाली, आणि वृंदा म्हणाली, "अहो, माझी पर्स धरा."

मी पर्स धरली.

"तीनशे साठ अंश," दुकानदार म्हणाला. त्याच्या खिशावर पाटणकर असं नाव लावलेलं होतं. "मशीनवर आम्ही डेमो देत नाही साहेब. ओरखडे पडतात, मग गिऱ्हाईक तोच पीस नको म्हणतं. घरच्यांवर दिला की घरच्यांना अंदाज येतो."

मला धक्का बसला होता. पण समोरच्याने इतकं रीतसर कारण दिल्यावर आरडाओरडा कुठून सुरू करायचा ते कळत नाही. शिवाय बारा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि दुकान एक ते चार बंद असतं. तसं दारावरच लिहिलं होतं.

आम्ही आलो होतो केतकीसाठी. केतकी माझी मुलगी. तिला अहमदाबादला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिची गाडी होती. लॅपटॉपवरून घरात पंधरा दिवस दोन पक्ष पडले होते. वृंदाला स्वस्तातला, फिरणारा हवा होता. "पाटीसारखा होतो, उभा राहतो, तंबू होतो. एकात चार वस्तू," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. केतकीला महागातला, पातळ हवा होता. "आई, मला तो पाठीवर घेऊन गावभर हिंडायचंय. चार वस्तू घेऊन नाही हिंडायचं." मी कुठल्याही पक्षात नव्हतो. आमचं घर चोवीस वर्षं त्याच तत्त्वावर चाललं आहे.

पाटणकरांनी वृंदाचे चारही प्रकार दाखवले. आधी नेहमीची बसलेली. मग स्टँड. मग पाटी, म्हणजे काउंटरवर सपाट, दुहेरी. शेवटी तंबू: हात आणि पाय काउंटरवर टेकलेले, कंबर वर, चेहरा आमच्याकडे पण उलटा.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"दुखत नाही. पण इथून तुमच्या नाकातले केस दिसतायत. कितीदा सांगितलं, कापा म्हणून."

"वहिनींना जमलं लगेच," पाटणकर म्हणाले. "काहींना सवय नसते वाकायची."

मग त्यांनी केतकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि कपड्यावरची सुरकुती काढावी तसा तळहात खाली फिरवला. केतकी पातळ झाली. समोरून होती तेवढीच दिसत होती, नाकातल्या चमकीसकट. बाजूने पाहिलं तर कॅरमच्या सोंगटीएवढी जाडी. पाटणकरांनी तिला दोन बोटांत उचलून काट्यावर ठेवलं.

"नऊशे सत्तर ग्रॅम."

जन्मली तेव्हा ती दोन किलो आठशे होती. ते मला नेमकं आठवलं, आणि बोलूनही दाखवलं.

"तेव्हाची मॉडेलं जडच असायची," पाटणकर म्हणाले.

"बाबा, काय भारी वाटतंय," केतकी म्हणाली. तिचा आवाज खालच्या बाजूने, काउंटरवर आपटून येत होता. "पंख्याने उडेन का हो मी?"

मी पाटणकरांना पंखा बंद करायला सांगितलं. त्यांनी तो बंद केला. गिऱ्हाइकाचं ऐकणारा माणूस होता.

"झालं समाधान," मी म्हटलं. "आता दोघींना पहिल्यासारखं करा. आम्ही जरा विचार करतो."

"पहिल्यासारखं नाही होत साहेब. डेमो झालेला पीस सरळ करायचा नाही, वरून नियम आहे. दोन्हीतलं एक घरी न्यायचं. दुसरं डिस्प्लेला राहतं."

मी दर्शनी काचेकडे पाहिलं. आत येताना मला वाटलं होतं, तिथे पुतळे आहेत. बिनबाह्यांचा स्वेटर घातलेले एक आजोबा स्टँडच्या प्रकारात बसले होते. त्यांच्या मांडीवर किमतीचं कार्ड होतं. माझी नजर गेल्यावर त्यांनी ओळख असल्यासारखी मान हलवली.

"मुलाने सुनेला नेलं," ते म्हणाले. "पातळवाली होती. बरोबरच केलं. पण लवकर ठरवा हो. आमच्याकडे चर्चा फार झाली."

आता काय करायचं ते मला समजेना, म्हणून अशा वेळी जे म्हणायची सवय आहे ते मी म्हटलं. "घरी विचारून सांगतो."

पाटणकरांनी काउंटरच्या डाव्या टोकाकडे पाहिलं, मग उजव्या. "विचारा," ते म्हणाले.

"तिला घ्या," वृंदा म्हणाली. "उद्या गाडी आहे तिची. मी इथं काय, एसीत आहे."

"बाबा, आईला घ्या. मी नाहीतरी घर सोडणारच होते. होस्टेलवर राहिले काय नि इथे राहिले काय."

"तू गप गं. घराचा रंग ठरवायला सहा महिने लागतात तुझ्या बाबांना, त्यांना अजून गोंधळात टाकू नकोस."

दोघी एकमेकींसाठी भांडू लागल्या आणि मी पुन्हा कुठल्याच पक्षात नव्हतो. तेव्हा मी प्रभाकररावांना फोन लावला. प्रभाकरराव माझे साडू. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, पण एकदा त्यांनी घरचा प्रिंटर स्वतः उघडून परत बंद केला होता. तेव्हापासून आमच्या नात्यात त्यांना विचारल्याशिवाय कुणी चार्जरसुद्धा घेत नाही.

मी सगळं सांगितलं. बिजागरीचं, वजनाचं, डिस्प्लेचं.

"प्रोसेसर कुठला?" त्यांनी विचारलं.

"प्रभाकरराव, वृंदा आणि केतकी आहेत."

"हां, म्हणजे दोन्ही चालू मॉडेलच. मग अजिबात घेऊ नकोस, श्रीपाद. थांब. हे लोक घाई करतात. थोडं थांबलं की नवीन येतं आणि जुन्याचे भाव पडतात. मी चौकशी करून कळवतो."

मला हायसं वाटलं. मी पाटणकरांना सांगितलं की आम्ही थांबतो.

"थांबा की," पाटणकर म्हणाले. त्यांनी आतल्या दाराकडे पाहून हाक दिल्यासारखी मान हलवली आणि पुन्हा केतकीवरून तळहात फिरवला. "हे आलंच बघा नवीन. सहाशे चाळीस."

केतकी आता पोस्टकार्डाइतकी जाड होती. मागच्या भिंतीवरचा हिरवा बोर्ड तिच्यातून अंधुक दिसू लागला. पाटणकरांनी खिशातून लाल पेन काढलं, वृंदाच्या दंडाला अडकवलेल्या कार्डावरचा आकडा खोडला आणि खाली दुसरा लिहिला.

"माझा कमी केला?" वृंदा म्हणाली.

"करावा लागतो वहिनी. नवीन आलं की होतं तसं."

वृंदाची बिजागरी सैल पडायला लागली होती. तंबू मधूनच घसरायचा आणि ती टाचा रेटून तो परत उभा करायची. घरी गॅस सिलिंडर सरकवतानाही तिचा चेहरा असाच व्हायचा. काउंटर मघापेक्षा आखूड झाला होता. दोघींच्या मध्ये आता माझ्या एका कोपरापुरतीच जागा उरली होती. एकाला दहा मिनिटं कमी होती.

"साहेब, एकानंतर मी थांबत नाही," पाटणकर म्हणाले. "डबा येतो."

मी प्रभाकररावांना पुन्हा फोन लावला. त्यांनी लगेच उचलला. मागे कुकरची शिट्टी झाली.

"बोललो मी एकाशी," ते म्हणाले. "तुला सांगितलं तेच. थांब. अजून पातळ येतंय."

"नको," मी म्हटलं. "अजून पातळ नको आहे मला. मला फक्त सांगा, दोघींतली—"

"अरे, तुला नको म्हणून येणार नाही असं असतं का?"

मी फोन कानापासून काढला तोवर पाटणकरांचा तळहात तिसऱ्यांदा फिरत होता. केतकी माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "बाबा, खरं सांगू का, मला एकटीला—" आणि तिचा आवाज बंद झाला. तोंड हलत राहिलं.

"काय झालं?" मी विचारलं. "काय केलंत?"

"तीनशे दहा ग्रॅममध्ये स्पीकर बसत नाहीत साहेब. पातळ करायचं तर काहीतरी काढावंच लागतं."

"मी थांबायला सांगितलं होतं."

"थांबायला तुम्हीच सांगितलं होतंत. म्हणून तर नवीन आलं."

केतकीचं तोंड हलायचं थांबलं. आपलं ऐकू येत नाही हे तिला समजलं होतं. तिने माझ्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. ते हसू तिच्यापलीकडे, भिंतीवरच्या बोर्डवरही दिसत होतं.

"श्रीपाद."

चोवीस वर्षांत वृंदाने मला नावाने हाक मारली नव्हती. मी वळून पाहिलं. ती उलटी होती, केस काउंटरवर पसरले होते, टाचा थरथरत होत्या.

"श्रीपाद, फोन खिशात ठेव. तिला उचल आणि घरी जा. आत्ता."

"पण तू?"

"चारला उघडतात ना. मग चारला बघू. जा."

मी पाटणकरांना म्हटलं, "मुलगी द्या." एवढं बोलायला मला चाळीस मिनिटं लागली होती.

पाटणकरांनी खालून दुकानाचं नाव छापलेली पिशवी काढली, झटकली, तोंडाशी स्टेपलरच्या तीन पिना मारल्या आणि माझ्या हातात दिली. केतकीला आत सरकवलं असेल तेव्हा मी वृंदाकडे बघत होतो. तिच्या चपला काउंटरखाली सरळ जोडून ठेवलेल्या होत्या. कुणी ठेवल्या ते मला माहीत नाही.

"घरी जाऊनच उघडा," पाटणकर म्हणाले. "दारंखिडक्या लावून. उघड्यावर नको. गेल्या महिन्यात एकांचा उडून गेला, कोर्टाच्या बाजूला. अजून दिसतो म्हणतात कधीकधी." मग त्यांनी वृंदाला उचलून दर्शनी काचेत, आजोबांच्या शेजारी मांडलं. आजोबांनी स्वेटर सावरून तिला जागा करून दिली.

मी बाहेर आलो. रस्त्यावर वारा होता. चहाच्या टपरीवरचे कागदी कप गटारापर्यंत पळत होते. पिशवीला वजन लागेना. मी ती डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, मग एका बोटावर अडकवली. रिकामी पिशवी जशी लागते तशीच लागत होती. मी तिला कान लावला आणि हळूच म्हटलं, "केतकी?" मग मला आठवलं की तिला स्पीकर नाहीत.

मी काउंटरकडे पाहायचा प्रयत्न केला. आत दिवा मालवला होता. काट्यावर काही होतं की नव्हतं ते काचेतून कळत नव्हतं. इतक्या पातळ गोष्टी कळतच नाहीत.

काचेवर टकटक झाली. वृंदा आतून माझ्याकडे बघत होती. तिने पिशवीकडे बोट केलं आणि काहीतरी विचारलं. काच जाड होती, आवाज येत नव्हता, पण ओठांवरून कळलं. आहे ना आत?

मी मान हलवली. तिला ते पुरलं नाही. तिने पुन्हा विचारलं. मी पिशवी वर धरली, तिला दिसावी म्हणून, उन्हात.

तेवढ्यात वरून शटर यायला लागलं. आधी दारावरची वेळांची पाटी झाकली गेली, मग आजोबांचं डोकं, मग त्यांचा स्वेटर. वृंदा तंबू असल्याने तिचा चेहरा अगदी खाली होता, तो अजून दिसत होता. ती पिशवीकडेच बघत होती. शटर खाली येत होतं तसतशी मी पिशवी खाली खाली धरत गेलो. आधी वाकलो, मग फूटपाथवर गुडघे टेकले, मग गाल फरशीला लावला. वीतभर फट उरली तेव्हा तिने पुन्हा तेच विचारलं, आणि वाऱ्याने पिशवी फुगली.