डावं मागचं चाक

कुपवाडच्या एमआयडीसी रस्त्यावर नियाजभाईचं टायरचं दुकान सव्वीस वर्षं होतं, आणि त्यातली पंचवीस वर्षं नियाजभाईला सुखाची झोप लागत होती. सव्विसाव्या वर्षी त्याच्या सख्ख्या मेव्हण्यानं, म्हणजे बायकोच्या, सलिमाच्या, धाकट्या भावानं, बरोब्बर समोर दुकान थाटलं. तेव्हापासून नियाजभाईच्या पोटात जे दुखायला लागलं, ते कितीही ओवा खाल्ला तरी थांबेना.

हा रिजवान शिरवळला गाड्यांच्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरात सात वर्षं काढून आला होता. येताना डोक्यात नवी विद्या आणि हातात एक स्कॅनर घेऊन आला. दुकानाला काचेचं दार, आत बसायला खुर्च्या, प्यायला गार पाणी. इकडे नियाजभाईकडे पत्र्याची शेड, ट्यूब बुडवायचा पाण्याचा टब आणि धापा टाकणारा कॉम्प्रेसर. आता यात रिजवानचा काय गुन्हा? काही नाही. पण गुन्हा असता तर बरं झालं असतं, निदान उघड भांडता तरी आलं असतं. हा पठ्ठ्या रोज सकाळी शटर उघडताना रस्त्यापलीकडून हात वर करून "सलाम, दाजी" म्हणायचा, आणि नियाजभाईला तोंड गोड करून हात वर करावा लागायचा. घरी सलिमा भावाचं कौतुक करायला लागली की त्याला भाजीत मीठ जास्त लागायचं.

गिऱ्हाइकं एकेक करून समोर जायला लागली. नव्या गाड्यांना चाकातली हवा सांगणारं यंत्र येतं. प्रत्येक चाकाच्या आत एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, तो हवा मोजतो आणि काचेमागच्या पडद्यावर आकडा पाठवतो. हवा कमी झाली की पिवळा दिवा लागतो. लोक दिव्याला घाबरतात आणि स्कॅनरवाल्याकडे पळतात. सव्वीस वर्षं आपण कान लावून, हात फिरवून हवा सांगितली, आणि आता बोटभर दिव्याला आपल्यापेक्षा जास्त मान, हे नियाजभाईच्या घशाखाली उतरत नव्हतं.

एक माणूस मात्र हलला नव्हता. जिनपालअण्णा. ठिबकच्या पाइपांचे व्यापारी, कुपवाडातले मानाचे गृहस्थ. अण्णांनी चार गाड्या बदलल्या, पण टायरवाला बदलला नाही. अण्णांची गाडी कुठं उभी राहते यावर त्या रस्त्यावरचे निम्मे लोक आपली गाडी कुठं लावायची ते ठरवत. अण्णा समोर गेले की आपलं दुकान संपलं, हे नियाजभाई पक्कं जाणून होता. म्हणून तो अण्णांच्या नव्या गाडीला लेकीसारखं जपे. मागच्याच महिन्यात त्यानं आपण होऊन तिची चाकं आलटून पालटून बसवली होती, पुढची मागं आणि मागची पुढं, म्हणजे सगळी सारखी झिजतात. जुन्या गिऱ्हाइकाला ही सेवा तो न सांगता देई. आणि दुसरा त्याचा नेम असा, की आलेल्या गाडीची चारही चाकं हवा मोजायचं गेज लावून बघितल्याशिवाय ती हलू द्यायची नाही. गाडी नुसती आरसा पुसायला थांबलेली असली तरी.

त्या सोमवारी सकाळी साडेनऊला अण्णांची गाडी आली. चालवत होती त्यांची मुलगी ब्राह्मी, साताऱ्याच्या कॉलेजात शिकवणारी. तिच्या शेजारी तिची आई त्रिशलाकाकू, मांडीवर लाडवांची पिशवी घेऊन आठ दिवसांसाठी लेकीकडे निघालेल्या. अण्णा मागच्या सीटवर होते, त्यांना वाटेत आपल्या दुकानावर उतरायचं होतं. पिवळा दिवा लागला होता, आणि ब्राह्मीचं म्हणणं होतं की समोरच्याकडे दाखवू. अण्णांनी तिला गप्प केलं आणि गाडी नियाजभाईच्या दारात घ्यायला लावली.

हे संभाषण गाडी दारात वळता वळता नियाजभाईनं उघड्या खिडकीतून ऐकलं. समोर रिजवान काचेच्या दारात येऊन उभा राहिलेला त्याला दिसला. चहाच्या गाड्यावरचे चारपाच जणही इकडेच बघत होते.

पडद्यावर गाडीचं चित्र होतं. तीन चाकांपाशी तेहतीस लिहिलं होतं आणि डाव्या मागच्या चाकापाशी सव्वीस. नियाजभाईनं गेज उचललं, सावकाश डाव्या मागच्या चाकाशी बसला, व्हॉल्व्हची टोपी काढली, गेज लावलं. तेहतीस. पुन्हा लावलं. तेहतीसच. त्याच्या अंगातून असं काही आनंदाचं वारं गेलं की त्याला उठावंसंच वाटेना.

उठला तो गेज झेंड्यासारखं वर धरून. आधी अण्णांना दाखवलं, मग चहावाल्यांना, आणि मग, कारण नसताना, रस्त्यापलीकडे.

"तेहतीस हाय अण्णा. दिवा खोटं बोलतोय," तो समोरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला.

ब्राह्मीनं खिडकीतून विचारलं, "काका, बाकीची चाकं बघता का?"

"बाकीच्यांबद्दल तुज्या मशीनची तक्रारच न्हाई की," नियाजभाई म्हणाला, आणि चहावाले हसले.

मग त्यानं काळ्या चिकटपट्टीचा तुकडा तोडून दिव्यावर चिकटवला. ब्राह्मीच्या कपाळावर आठी पडली, पण अण्णा हसत होते म्हणून तिनं गिअर टाकला. गाडी गेली. चार चाकांची गाडी एका चाकावर तपासून नियाजभाईनं सोडली होती, आणि हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. त्याला दिवा खोटा पाडायचा होता आणि तो पडला होता, बस. त्यानं रेडिओ लावला. मेव्हण्याचं तोंड कसं झालं असेल याचा विचार करत अर्धा तास त्यानं एक टायर दोनदा पुसला.

सव्वादहाला रिजवान रस्ता ओलांडून आला. नियाजभाईला वाटलं, आला जळत. पण रिजवाननं स्टूल ओढून घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "दाजी, अण्णांचा दिवा लागून राहिला होता का लुकलुकत होता?"

नियाजभाईनं विचारलं, त्यानं काय होतंय. रिजवाननं सांगितलं की गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकला तर सेन्सर बिघडलाय असं समजायचं. नुसता लागून राहिला तर यंत्र ठीक आहे आणि कुठल्या तरी चाकात खरंच हवा कमी आहे.

दिवा लागून राहिला होता. नियाजभाईला तो लख्ख आठवत होता, त्यानंच तर त्यावर पट्टी चिकटवली होती.

"पर मी गेज लावलंय. तेहतीस हाय."

"त्या गाडीची चाकं तुमी आलटून पालटून बसवलीत काय हल्ली?"

नियाजभाईनं मान डोलावली. रिजवाननं स्टूल आणखी जवळ ओढलं. मग त्यानं हळूच सांगितलं की चाक हललं की त्याच्या आतला सेन्सरही चाकाबरोबर हलतो, पण या गाडीच्या पडद्याला ते कळत नाही. चाकं बदलली की त्याला नव्यानं शिकवावं लागतं. तोवर मागचं म्हणून तो ज्याचा आकडा दाखवतो, ते चाक पुढं गेलेलं असतं.

डावं मागचं म्हणजे डावं पुढचं. नियाजभाईच्या हातातलं फडकं खाली पडलं. पुढचं चाक, सव्वीसवर, आणि उतरत चाललेलं. आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका, आणि मग हमरस्ता, जिथं ब्राह्मी शंभरानं गाडी हाकणार.

आता खरं सांगायचं तर याच्यापुढचा मिनिटभर नियाजभाई चांगला माणूस नव्हता. फोन खिशात होता आणि हात खिशाकडे जात नव्हता. अण्णांना फोन केला की अण्णांना कळणार, अण्णांना कळलं की रस्त्याला कळणार, आणि रस्त्याला कळलं की हा समोर बसलेला जिंकणार. कदाचित पोचतीलही सुखरूप, असं त्याचं मन म्हणालं. रिजवान त्याच्याकडे बघत होता आणि काही बोलत नव्हता. याचं ते न बोलणंसुद्धा आपल्यापेक्षा सरस आहे, या विचारानं नियाजभाईला जास्त जळजळलं. मग त्याला त्रिशलाकाकूंच्या मांडीवरची पिशवी आठवली, लेकीसाठी केलेल्या लाडवांची, आणि त्यानं फोन काढला.

अण्णांना तो एवढंच म्हणाला, गाडी थांबवायला सांगा. अण्णांनी ब्राह्मीला लावला, तिनं उचलला नाही, ती गाडी चालवताना उचलत नसे. मग अण्णांनी काकूंना लावला. त्यांनी उचलला, आणि आष्ट्याच्या पुढं एका रसवंतीपाशी गाडी थांबली.

नियाजभाईकडे होती मोटारसायकल. जॅक, हवेचं मशीन, पंक्चरचं सामान घेऊन जायचं तर चारचाकी हवी, आणि ती होती रिजवानची. वाटेत अण्णांना घेतलं. अण्णा पुढं बसले, रिजवान चालवायला, आणि नियाजभाई मागं, मांडीवर आपला जॅक घेऊन, मेव्हण्याच्या गाडीच्या वासात.

अण्णांनी विचारलं की झालं तरी काय. नियाजभाईनं तोंड उघडायच्या आत रिजवान बोलला.

"कंपनीची खोट हाय अण्णा. चाक हललं तर मशीनला कळाय नको व्हय? दाजी काय करणार त्यात. दाजी चारी चाकं बघितल्याबिगर गाडी सोडत न्हाईत, शिरवळला मी सगळ्यांना ह्येच सांगायचो."

नियाजभाईला वाटलं, यानं थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. विद्या याच्याकडे, दुकान याच्याकडे, आणि आता मोठं मनही याच्याकडेच. आपल्यासाठी यानं काही शिल्लक ठेवलं आहे की नाही? त्यानं जॅक घट्ट धरला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

रसवंतीपाशी दोघी सावलीत उभ्या होत्या. नियाजभाई थेट डाव्या पुढच्या चाकाशी बसला. गेज लावलं. सतरा. टायरची कड हाताला अजूनही गरम लागली. खाचेत एक स्क्रू घुसलेला होता, डोकं झिजून चकचकीत झालेला. आणखी पाऊण तासानं काय झालं असतं ते तिथल्या कुणालाही सांगायची गरज नव्हती.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ब्राह्मी म्हणाली.

रिजवान पुन्हा कंपनीचं नाव घ्यायला पुढं झाला, तेव्हा नियाजभाई उठला.

"तू गप," तो रिजवानला म्हणाला, आणि अण्णांकडे वळला. "मशीननं खरं सांगितलं हुतं अण्णा. चूक माजी हाय. चारी चाकं बघायची माजी रीत, मी एकच बघितलं. ह्याच्यावर जळत हुतो म्हणून."

एवढं बोलायला त्याला सव्वीस वर्षांचा सगळा तोरा खर्च करावा लागला. अण्णांनी वाकून स्क्रूच्या डोक्यावर बोट फिरवलं. रागावले असते तर बरं. ते फक्त "बरं" म्हणाले.

नियाजभाईनं स्टेपनी चढवली, चारही चाकं बघितली, दिव्यावरची चिकटपट्टी नखानं खरवडून काढली. गाडी साताऱ्याला गेली आणि सुखरूप पोचली.

आठ दिवसांनी अण्णांची गाडी पुन्हा रस्त्यावर आली. या वेळी अण्णा एकटेच होते. ते आधी नियाजभाईकडे आले, स्टुलावर बसले, चहा प्याले, सलिमाची चौकशी केली. गाडी मात्र समोर उभी होती, काचेच्या दारापुढं. चहावाल्यांनी ते पाहिलं.

नियाजभाई अण्णांशी बोलत होता, पण डोळे पलीकडे होते. रिजवाननं आत बसून स्कॅनर लावला, पडद्याला चाकांची नवी जागा शिकवली. तेवढ्यावर काम झालं होतं. पण तो खाली उतरला, खिशातून साधं गेज काढलं आणि डाव्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसला. मग उजव्या. मग मागच्या दोन्ही. मग डिकी उघडून स्टेपनीलाही लावलं, आणि मगच टोप्या घट्ट करून हात पुसले.

पाच, नियाजभाईनं मनात मोजलं. पोटात पुन्हा दुखायला लागलं. त्याची स्वतःची रीत रस्ता ओलांडून गेली होती, आणि तिकडे ती जास्त शोभत होती.