मॉल रुआची जाणती मेंढी

मित्रांनो, मी एक म्हातारी मेंढी आहे. तोंड काळे, शिंगे दोन, त्यातले डावे अर्धे मोडलेले, आणि पुढचा दात एकही नाही. हसू नका. स्कॉटलंडच्या उत्तरेला मॉल रुआ नावाचा डोंगर आहे. त्याच्या अंगावरचे हेदर मी अकरा हिवाळे खाल्ले. ते झुडूप काडीसारखे चिवट, म्हणून दात गेले. सपाटीवर मऊ गवत खाणाऱ्यांचे दात टिकतात. टिकवून त्यांनी काय केले, ते पुढे सांगते.

माझा जन्म मे महिन्यातला. आमच्याकडे मे महिन्यातही बर्फ भुरभुरतो आणि कोणाला त्याचे नवल वाटत नाही. आईने मला चाटून कोरडे केले, पहिले दूध पोटात गेले न गेले तोच ती चालू लागली. मी मागे. आमची शाळा ती एवढीच. आईची शेपटी समोर आणि आपले चार पाय खाली.

तेव्हा मॉल रुआला कुंपण नव्हते. आमचा भाग ओढ्यापासून काळ्या कड्यापर्यंत. त्याच्यापुढे दुसऱ्या मेंढपाळाचा कळप. मध्ये भिंत नाही, रेघ नाही, तरी आमच्यातली एकही पलीकडे तोंड घालत नसे. ही हद्द आईकडून लेकीला मिळते. म्हणून तिकडे रिवाज असा, की मेंढपाळ बदलला, घर दुसऱ्याचे झाले, तरी कळप डोंगरावरच ठेवायचा. माणसे येतात-जातात. मेंढ्या डोंगराच्या असतात.

सकाळी ओढ्याकाठच्या गवताला उतरायचे, दिवसभर चरत वर सरकायचे, संध्याकाळी माथ्याजवळ पोहोचायचे. जिथे सगळ्यात हिरवेगार दिसते तिथे पाय टाकायचा नाही, कारण खाली तळ नसलेली दलदल असते. आणि काळ्या कड्याखाली एक खोलगट जागा आहे, तिथे वारा लागत नाही. हिमवादळ आले की जिला तिला वाटते, तिथे जाऊन अंग चोरून बसावे. आईने मला तिथे एकदाच नेले, तेही उन्हाळ्यात. हेदरच्या मुळांत पांढरी हाडे अडकलेली होती. मग तिने मला पलीकडच्या उघड्या टेकाडावर नेले, जिथे वारा कान उपटून काढतो. तो वाराच तिथे बर्फ साचू देत नाही. आईने समजावून काही सांगितले नाही. समजावून सांगायची आमच्यात पद्धत नाही. दाखवायचे आणि पुढे चालायचे.

दुसऱ्या वर्षी मी थोडी शेफारले आणि आईला सोडून आमचा सगळा भाग एकटीने पायाखाली घातला. जुन्या माणसांच्या पडक्या झोपड्यांची दगडी जोती पाहिली, त्यांत माजलेली खाजखुजली पाहिली, चार उड्यांत ओलांडता येईल एवढे तळे पाहिले. ऑगस्टात तो सगळा डोंगर जांभळा होतो आणि शहरातली माणसे वेडी होऊन वर येतात. खरे सांगायचे तर फुललेले हेदर चवीला बेताचेच. जुने झुडूप जाळल्यावर जी कोवळी फूट येते, ती खरी. ते जाळायचे कसब आमच्या टॉर्किलचे.

टॉर्किल आमचा मेंढपाळ. उंच, वाकलेला, कोटाच्या खिशात कायम ओटची भाकरी. एकदा धुक्यात एक शिक्षिकाबाई नकाशा घेऊन दलदलीच्या काठाला गोल गोल फिरत होती. मी माझ्या वाटेने उतरत होते. बाई शहाणी, नकाशा खिशात घातला आणि माझ्या मागे चालू लागली. मी तिला थेट टॉर्किलच्या दारात आणून सोडले.

"तुमच्या मेंढीने वाचवलं हो मला!" बाई म्हणाली.

"तिने कशाला वाचवायचं? ती तिच्या वाटेने आली," टॉर्किल म्हणाला. "नकाशाला पाय नसतात, बाई. या चहा घ्या." आणि नंतर माझ्या शिंगावर हात ठेवून हळूच म्हणाला, "शाब्बास गं म्हातारे." मी तेव्हा चार वर्षांची होते. पण ते 'म्हातारे' मला गोड लागले.

मला आठ कोकरे झाली. पाच माद्या. पाचही जणींना मी ती खोलगट जागा दाखवली आणि ते टेकाड दाखवले. माझ्या लेकींनी त्यांच्या लेकींना दाखवले. यात कौतुक काही नाही. पण हे दोन वर्षे कोणी केले नाही तर डोंगर मुका होतो, एवढे लक्षात ठेवा.

मग टॉर्किलचे गुडघे गेले. कुत्राही म्हातारा होऊन मेला. दक्षिणेतल्या सपाटीवर नोकरी करणारा मुलगा रोरी घरी आला आणि कारभार त्याच्या हाती गेला. रोरी वाईट नव्हता. वाईट असता तर मला इतका राग आला नसता. तो उत्साही होता.

"बाबा, या हडकुळ्या मेंढ्या ठेवून काय मिळतं? सगळ्या काढू. सपाटीवरच्या आणू. अंग बघा त्यांचं, लोकर बघा!"

"काढ," टॉर्किल म्हणाला, "पण वीस म्हाताऱ्या ठेव. नव्यांना वाट दाखवायला."

"मेंढ्यांना मास्तर लागतो होय?"

चुलीशी लापशी ढवळणारी त्याची आई, इफी, वळून म्हणाली, "तुला लागला होता की रे! दोनदा त्याच इयत्तेत बसलास."

रोरी हसला. टॉर्किल हसला नाही. त्या शरदात सगळा कळप गाड्यांत चढला. माझ्या लेकी, नाती, पणत्या. मीही चढले. पण बाजारात लोक माझे तोंड उघडायचे, हिरड्या बघायचे आणि पुढच्या मेंढीकडे जायचे. शेवटी मी एकटी परत आले आणि घरामागच्या कुंपणात पडले. मित्रांनो, तिथे गवत मऊ होते. मला दात नव्हते तरी खाता येत होते. पण समोर डोंगर दिसत होता आणि त्याच्यावर माझे कोणी नव्हते.

नव्या आल्या. पांढऱ्याशुभ्र, गुबगुबीत, जणू आत्ताच धुऊन वाळत घातल्या आहेत. जिकडे उतार तिकडे जायच्या. दलदलीत दोघी पहिल्याच आठवड्यात गेल्या. रोरी म्हणाला, "शिकतील." कोणाकडून, ते त्याने सांगितले नाही.

फेब्रुवारीत सकाळी वारा फिरला आणि आभाळ खाली आले. मी कुंपणातून पाहिले, तर अख्खा कळप एका रांगेत काळ्या कड्याखालच्या खोलगट जागेकडे चालला होता. मी ओरडले. घसा फाटेपर्यंत ओरडले.

टॉर्किल काठी टेकत दाराबाहेर आला. "रोरी, बघ, त्या खाली बसल्यात. उठव त्यांना! टेकाडावर ने!"

"बाबा, चांगल्या आडोशाला गेल्यात. उठवून वाऱ्यात घालू? बघा तरी, किती शहाण्या आहेत!"

"शहाण्या?" टॉर्किल ओरडला. "तो आडोसा नाही रे, ते कबरस्तान आहे!"

"तुमच्या वेळचं तुमच्यापाशी," रोरी म्हणाला आणि चहा घ्यायला आत गेला.

टॉर्किल वर जायला निघाला. दहा पावलांवर गुडघ्यांनी नाही म्हटले. तेव्हा तो बर्फातून रांगल्यासारखा माझ्या कुंपणापाशी आला, फाटक उघडले आणि एवढेच म्हणाला, "जा गं. तू तरी सांग त्यांना."

मी गेले. छातीएवढ्या बर्फातून गेले. खोलगट जागेत पोहोचले तेव्हा त्या एकमेकींना चिकटून उबेत बसल्या होत्या. मी त्यांच्या समोरून टेकाडाची वाट धरली. वळून पाहिले. एकही उठली नव्हती. पुन्हा खाली आले, पुन्हा वर निघाले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, जसे रस्त्याने जाणाऱ्या परक्या बाईकडे बघतात. बरोबरच होते त्यांचे. कोकरू आईच्या मागे चालते. मी त्यांच्यापैकी कोणाचीच आई नव्हते. ज्यांची होते त्यांना रोरीने गाडीत चढवले होते.

मी टेकाडावर एकटी उभी राहिले. वाऱ्याने माझे उरलेसुरले कान उपटले, पण पायांखालचे हेदर उघडे राहिले. वादळ थांबले तेव्हा ती खोलगट जागा सपाट झाली होती, थाळीसारखी.

चार दिवस रोरी लांब काठ्या खुपसून मेंढ्या शोधत होता. काठीला मऊ लागले की खणायचे. जिवंत निघाल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. टॉर्किल खिडकीत बसून होता. मुलाला तो एक शब्द बोलला नाही. इफी मात्र बोलली. "गप्प बसलेत ते तुझ्यावर दया करून. मी नाही करायची."

बर्फ वितळल्यावर रोरी माझ्याकडे आला. पहिल्यांदाच माझ्यासमोर टोपी काढून उभा राहिला. "दाखव," म्हणाला. "मी येतो मागे."

मी निघाले. खरे सांगते, त्या दिवशी माझ्या पायांत बळ आले. ओढा ओलांडला, दलदलीच्या कडेने वळले. तो मागे धापा टाकत होता. पडक्या जोत्यांपाशी दगडावर बसला, घाम पुसला, घड्याळ पाहिले. मी थांबले. तो वर बघत राहिला, मग म्हणाला, "जाऊ दे. कड्याभोवती तारेचं कुंपणच घालून घेतो." आणि उठून खाली गेला.

आता काळ्या कड्याभोवती तार आहे आणि टेकाडाच्या वाटेलाही ती आडवी गेली आहे. तारेला वादळ कळत नाही, दलदल कळत नाही. आमच्या खुरांनी पिढ्यान्‌पिढ्या घासलेली ती वाट हेदरखाली बुजत चालली आहे. पुढच्या वर्षी ती मलाही दिसायची नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो. तुमच्यात जे कोणी जाणते असेल, त्याची हिरडी उघडून बघत बसू नका. त्याच्या मागे चाला. दमलात तर दमा, पण माथ्यापर्यंत चाला. रोरी वाईट नव्हता, त्याने मला विचारलेसुद्धा. पण तो अर्ध्या वाटेवरून परतला, आणि अर्ध्या वाटेवरून परतणाऱ्यासाठी मी दुसऱ्यांदा उठत नाही.