अनोळखी शिलाई मशीन

"शिलाई मशीनला कुठं वायफाय लागतं गं?" नवऱ्याने फोन तिच्या नाकासमोर धरला.

ती कुणाच्या तरी सदऱ्याला काज करत होती. सुई बोटात घुसली.

शेजाऱ्याच्या वायफायवरून कुणीतरी भलताच उद्योग केला होता, आणि तेव्हापासून या गृहस्थांच्या डोक्यात भुंगा शिरला होता. उभी हयात कारखान्याच्या फाटकावर पास तपासण्यात गेलेली. निवृत्तीनंतर संशय घ्यायला बायकोच तेवढी उरली होती. आज वायफायवाल्याला बोलावून राउटरची झडती चालली होती.

"काका, डब्याखाली छापलेला पासवर्ड तुम्ही बदललेलाच नाही," वायफायवाला म्हणाला. "म्हणजे घराला कुलूप आणि किल्ली बाहेर खिळ्याला! आणि हे शिलाई मशीन बघा, संध्याकाळी येतं, थोड्या वेळानं जातं."

"हिचं मशीन तर पायाचं आहे. चोरच असणार कुणीतरी. हाकला त्याला."

ते नाव तिनेच दिलं होतं. लेकीने स्वतःच्या मनाने लग्न केलं तेव्हा बाप म्हणाला होता, "पुन्हा दारात दिसू नकोस." हट्टी बापाची हट्टी पोर खरंच दिसली नाही. नंबरही बदलला. फोन मात्र जुनाच राहिला. अधूनमधून ती खाली जिन्यापाशी येऊन बसायची आणि तो फोन आपोआप घराच्या वायफायला लागायचा. नवऱ्याला कळू नये म्हणून आईने वायफायच्या यादीत त्या फोनचं नाव 'शिलाई मशीन' करून टाकलं. आपल्या फोनवर ते दिसलं की आई गॅलरीत जायची, वाळलेले कपडे उगाच पुन्हा झटकायची. ना हाक, ना खूण. एवढ्यावरच दोघी तग धरून होत्या.

आत्ता सांगायला हवं होतं. पण तिने पुन्हा सदऱ्यात सुई घातली. वायफायवाल्याने नवा पासवर्ड घातला, "आता मुंगीसुद्धा शिरायची नाही," म्हणत पिशवी उचलली.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी लेक खाली आली. फोनवर पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिली. मग थांबली. वर न बघताच तिने फोन पर्समध्ये टाकला. आई अनवाणी जिना उतरली, तोवर रस्ता रिकामा होता.

वर येऊन ती नवऱ्यावर ओरडली. संसारात पहिल्यांदाच.

"चोर नव्हता तो! तुमची पोर होती. माणसांनी टाकलं तरी घर तिला ओळखत होतं हो. तेवढंही तुम्ही..."

त्याने वायफायवाल्याला फोन लावला.

"जुनाच पासवर्ड घाल."

"काका, धोका आहे त्यात."

"असू दे."

त्यानंतर तो रोज संध्याकाळी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसू लागला. एकदा शेजाऱ्याने विचारलंच, "इथं कसे बसलात?"

"काही नाही. आपलं वायफाय इथवर पोचतं का, ते बघतोय."

पोचत होतं. त्यावर दोनच फोन होते. एक त्याचा आणि एक वर गॅलरीत उभ्या असलेल्या बायकोचा.