चारशे सदतीसची ओळ

जगाची घडी आकड्यांवर बसलेली आहे आणि आकडा ढळला की संस्कृती ढासळते, असं सासरेबुवांचं ठाम मत होतं. आपली मुलगी कितवीत आहे हे मात्र ती पदवीधर होईपर्यंत ते बायकोलाच विचारत.

सासरेबुवा कर्नलच्या आकड्यांचे राखणदार. कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी. प्रोग्रॅमने त्याला काम सांगायचं ते नावाने नाही, नंबराने. अमुक नंबर म्हणजे फाइल उघड, तमुक म्हणजे मिट. प्रोसेसर नऊ जातींचे, म्हणून नंबरांचे तक्तेही नऊ. पण एका कामाचा नंबर नऊही ठिकाणी एकच हवा, आणि एकदा बाहेर गेलेला नंबर पुन्हा दुसऱ्या कामाला द्यायचा नाही. नियम सासरेबुवांचाच.

जावई त्याच खात्यात, कंत्राटावर. दोन वर्षं खपून त्याने 'क्षणभर थांब' सांगणारा नवा कॉल, म्हणजे कर्नलला द्यायचा नवा हुकूम, लिहिला होता. तो कर्नलच्या या आवृत्तीत गेला तर नोकरी पक्की, नाहीतर शुक्रवारी ओळखपत्र परत. मुख्य यादीत चारशे सदतीस नंबर मोकळा दिसला, त्याने आठ तक्त्यांत भरून टाकला. नववा उघडूनही पाहिला नाही. त्या जातीचं चालू यंत्र उरलं होतं एकच, तेही सासऱ्यांच्या टेबलावर.

मंगळवारी सकाळी सासरेबुवांनी चाचणीचा प्रोग्रॅम त्याच यंत्रावर चालवला. यंत्राने सगळा गाशा गुंडाळला आणि ते बंद पडलं.

"या जावईबापू. इथे चारशे सदतीस म्हणजे 'सगळं बंद कर'. गेली चौदा वर्षं."

"मुख्य यादीत नोंदच नाही! घातलं कुणी?"

"मी."

"अहो बाबा, नियम तर तुमचाच!"

"माझाच. म्हणून तर मोडताना मला काळजी घेता आली. तुम्हाला पाळतासुद्धा आला नाही."

"पुढचा नंबर द्या. अर्ध्या तासाचं काम आहे."

"आवृत्ती बाराला बंद होते. पावणेबारा झाले. तुम्हाला मघाशीच बोलावणार होतो, पण चहा आला."

"पुढची आवृत्ती तीन महिन्यांनी! माझा शुक्रवार आहे, बाबा."

"शुक्रवार सगळ्यांनाच असतो. बसा. कॉल काढून टाका, आणि आठही तक्त्यांत त्या ओळीवर लिहा, 'वापरू नये'."

जावई बसला. दोन वर्षांचं काम पुसायला चार मिनिटं लागली. सासरेबुवा खांद्यावरून बघत होते. "किती स्वच्छ काढलंत! उगाच लोक म्हणतात, तुम्हाला जमत नाही."

"आणि तुमची ओळ?"

"ती राहील. लोक वापरतात."

"कोण लोक?"

"मी."

"घरी हिला काय सांगू?"

"सांगा, बाबांनी आपलं-परकं केलं नाही." सासरेबुवांनी सही ठोकली. "आणि जाताना तो पंखा जरा कमी करा, कागद उडतायत."